बांधावरची जागा

दुपारचं जेवण झालं की मी माजघरात जमिनीवर आडवी होते. खाली गोधडी नाही, डोक्याखाली उशी नाही. सारवलेली गार जमीन आणि हातात विंझणा एवढं मला पुरतं. आज मात्र पोट जड आहे. तुरीची डाळ कितीही शिट्ट्या काढल्या तरी शिजली नाही, दाणा दाताखाली येत राहिला. दुकानदाराने जुनी डाळ माझ्या गळ्यात मारली, असं पुटपुटत मी डोळे मिटते. विंझण्याचा हात मंद होतो, थांबतो, मग एकदा आपोआपच हलतो. बाहेर ओसरीवर वनिता सकाळी विसरून गेलेली पाण्याची बाटली उन्हाने तापून कुरकुरते आहे. विकतच्या पाण्याची, प्लास्टिकची. तिला हात लावायचा नाही असं मी ठरवलं आहे. ज्याची त्याने न्यावी.

वनिता माझ्या थोरल्या जावेची सून. सकाळी ती निरोप घेऊन आली होती. आज वैशाखी अमावास्या, संध्याकाळी उधाणाची भरती, आणि खाडीचा बांध उघाडीजवळ, पाणी सोडायच्या झडपेजवळ, पाझरायला लागला आहे. प्रत्येक घरातून एक माणूस यायचं. आमच्या खारेपाटात याला जोळ म्हणतात. सगळं गाव रांगेत उभं राहतं आणि चिखलाचा गोळा हातोहात बांधापर्यंत पोचवतं. बांध फुटला तर शेतात खारं पाणी शिरतं आणि मग कितीतरी वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. उद्या सगळ्यांनी मिळून कचेरीवरही जायचं आहे. खाडीपलीकडच्या धक्क्याला कोळशाचे बार्ज येतात, त्यांच्या लाटांनीच बांध खचतो, ते थांबवा म्हणून सांगायला.

"हे मुलाकडे पनवेलला आहेत," मी म्हणाले.

"तुमी या ना काकी."

"मी माझा वाटा माझ्या घरात उचलते. तुमच्या लग्नाकार्यातल्या थर्माकोलच्या ताटल्या आधी बंद करा, मग मला समुद्राचं सांगा."

वनिता तशीच मागे वळली. ओसरीवर ठेवलेली बाटलीही घ्यायची विसरली.

आता बाटलीचा आवाज थांबला आहे. माजघरात कोणाच्या तरी बांगड्या वाजतात. मी डोळे उघडते की मिटलेलेच राहतात, मला सांगता येत नाही, पण मला दिसतं सगळं. स्वयंपाकघराच्या दारात चांगुणाबाय उभी आहे. वनिताची सासू, माझी थोरली जाऊ. मागच्या पौषात गेलेली.

मी आधी तिचे पाय बघते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता मेलेल्या जावेचे पाय उलटे आहेत का ते बघते आहे. सरळ आहेत. पोटऱ्यांपर्यंत चिखल आहे. अंगावर तीच पोपटी नायलॉनची साडी, जिच्यावरून आमचं एकदा वाजलं होतं.

"झोपलंस काय गो शरू?"

मी उठून उभी राहते. सासूबाई सांगायच्या, गेलेलं माणूस स्वप्नात काही द्यायला आलं तर घ्यावं, मागायला आलं तर देऊ नये, आणि चल म्हणालं तर मुळीच जाऊ नये. त्या हे सांगायच्या तेव्हा मी मनात हसायचे. आज एकेक शब्द आठवतो आहे. चांगुणाबायचे दोन्ही हात पदराखाली आहेत, आणि जिवंतपणी ही बाई कधी रिकाम्या कामाला माझ्या घरी आली नाही. एक नारळ देऊन अख्खं फणसाचं झाड मागणारी ती.

"अजून तुजे घरात फ्रीज नाय?" ती स्वयंपाकघरात डोकावत विचारते.

"नाही. आणि येणारही नाही."

"बरा हाय. माज्या फ्रीजमंदी पन काय र्‍हायलं? वनिता मेंदीचे कोन ठेवते." ती खळखळून हसते. तिचं हसणं होतं तसंच आहे, आणि मला एकदम गलबलून येतं. तिची आठवण येते हे मी कोणाजवळ बोललेले नाही. आताही बोलणार नाही, कारण ती ऐकते आहे.

"कशाला आलात बाय?"

"तान लागली. मना पानी दे."

झालं, मागितलंच. मी माठाकडे बघते. पण दारात आलेल्याला पाणी नाकारायचं कसं? मेलेलं असलं म्हणून काय झालं, जाऊ आहे. मी माठातून तांब्या भरते. तो तिच्या हातात न देता ओट्यावर ठेवते. तेवढी सावधगिरी. ती पदराखालून एक हात काढते, तांब्या उचलते, एक घोट घेते आणि मोरीत थुंकते.

"खारं हाय."

"माझ्या विहिरीचं पाणी आहे ते. सगळ्या आळीत गोड."

"व्हतं."

मला राग येतो. आयुष्यभर हिला माझ्या विहिरीचा हेवा. स्वतःच्या अंगणात बोअर मारलं, मोटर बसवली, टाकी चढवली, तरी चहाला माझ्याच विहिरीचं पाणी न्यायची. आता मेल्यावर नावं ठेवायला आली. आणि तांब्या माठात परत बुचकळताना तिची बोटं पाण्यात गेली ती मी डोळ्यांनी बघितली. मुद्दाम केलं की काय कोण जाणे.

"कपाटात काय ठेवलंस?" ती विचारते आणि मी नको म्हणायच्या आत कपाट उघडते. तिथे माझ्या कापडी पिशव्या असतात, जुन्या लुगड्यांच्या, घडी घालून ठेवलेल्या. पण पिशव्या नाहीत. तिथे माझा सातवीचा वर्ग आहे. बाकं, फळा, खिडकीच्या गजांतून येणारं ऊन. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, पृथ्वी का तापते. आम्ही दोघी आत उभ्या आहोत आणि दार मागे कुठे गेलं ते कळत नाही.

चांगुणाबाय पहिल्या बाकावर बसते. तिला शाळा माहीत नाही, बाक तिच्या अंगाला पुरत नाही.

"सांग बाई," ती म्हणते. "कनाला तापते?"

"तुमच्यासारख्यांच्या हौशीमुळे. घरात माणसं चार आणि खुर्च्या पन्नास, त्याही प्लास्टिकच्या."

"त्या खुर्च्या गावान फिरतात. तुजे पोरीचे साखरपुड्याला कोनाच्या व्हत्या?"

मी फळ्याकडे बघते. फडकं सापडत नाही.

"मी विमानात बसले नाही," मी म्हणते. "नवी साडी घेऊन किती वर्षं झाली ते मला आठवत नाही. प्रत्येकाने एवढं केलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

"खोटं नाय तुजं." ती हे इतकं सरळ म्हणते की माझा संशय वाढतो. चांगुणाबायने माझं म्हणणं कधी एका दमात मान्य केलेलं नाही. "तू फ्रीज घेतला नाय. बरा केलंस. मग समिंदर तुज्या उंबऱ्याशी थांबून इचारतो का, बाई, तुज्याकडं फ्रीज हाय का नाय?"

वर्गात पाणी आलं आहे. बाकांच्या पायांशी, शांत, गढूळ. माझ्या तळव्यांना ते गार लागतं. खिडकीबाहेरून एक मोठा बार्ज जातो, आवाज न करता, कोळशाचा काळा ढीग घेऊन, आणि त्याच्यामागून एक लाट खिडकीच्या कट्ट्यावर येऊन पडते. फळ्यावरची खालची ओळ पुसली जाते.

"तो थांबव," चांगुणाबाय म्हणते.

"मी? मी एकटी कशी थांबवणार?"

ती खिडकीबाहेरच्या बार्जकडे बघत राहते. फार बोलणारी बाई गप्प बसली की मला भीती वाटते.

"आणि तुमच्या चिखलाने तरी तो थांबणार आहे का?" मी विचारते. आवाज चढलेला मलाच ऐकू येतो. "दर वर्षी लिंपायचं, दर वर्षी खचायचं. समुद्र वाढतोच आहे."

"नाय थांबनार. यो साल निगंल." ती बाकावरून उठते. "म्हनून तर उद्या हापिसान जायाचं. एकली गेली तर बस म्हनतात, साहेब जेवायला गेलाय. गाव गेला की साहेब बाहेर येतो. मी बगलंय."

आम्ही बांधावर आहोत. वर्ग कधी संपला ते कळलं नाही. ऊन तेच आहे, खिडकीतून येत होतं ते. समोर रांग उभी आहे, सगळ्या बायकांच्या पाठी माझ्याकडे. कासोटे घातलेले, डोक्याला फडकी. चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात जातो आहे, आणि कोणी बोलत नाही. जोळीत एरवी किती बडबड असते. चांगुणाबाय असली की तिचाच आवाज बांधाच्या दोन्ही टोकांना जायचा. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा जावई आळशी, सगळं चिखलाबरोबर पुढे सरकायचं. मी त्या आवाजापासून लांब राहायचे. आमच्या घरातून हे जायचे.

रांगेत एक जागा मोकळी आहे. चांगुणाबाय तिथे जाऊन उभी राहते.

अलीकडची बाई गोळा पुढे करते. चांगुणाबाय आता दोन्ही हात बाहेर काढते, ओंजळ धरते. गोळा तिच्या ओंजळीतून खाली पडतो. हातांना काहीच लागलेलं नाही, हात कोरडे आहेत. दुसरा गोळा येतो, तोही पडतो. मग अलीकडची बाई रिकाम्या जागेवरून गोळा पलीकडे फेकते. तो पलीकडच्या बाईच्या मनगटावर आपटून फुटतो. आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं की फेकलेला गोळा बांधाला बसत नाही. हातातून हातात आलेलाच बसतो, कारण प्रत्येक हात त्याला थोडं दाबतो.

"पौषापासून धरलीय ही जागा," चांगुणाबाय म्हणते. ती दमलेली दिसते. जिवंतपणी मी तिला दमलेलं पाहिलं नव्हतं. "आमच्या घरातून वनिता हाय. ही तुमच्या घरची. तुजा घोव पनवेलला जाऊन बसला. मी म्हनलं, उबी र्‍हाते. पन मेल्या हाताला चिखोल लागत नाय गो."

मला रडू येतं. तरीही पाय मागेच घेते. कारण आता ती काय म्हणणार ते मला ठाऊक आहे.

"चल," ती म्हणते.

"नाही येणार. मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात. मला न्यायला आलात."

चांगुणाबाय माझ्याकडे बघते, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच येतं जे मी माझी कापडी पिशवी तिच्यासमोर नाचवायचे तेव्हा यायचं. राग नाही, कंटाळा.

"तुना नेऊन मी काय करू? तिथं पन मना शिकवत बसशील." ती रांगेतून बाजूला होते. "मी चालले. तू उबी र्‍हा."

पलीकडे बांधाखाली पाणी बारीक आवाज करतं आहे. पाझर मोठा होतो आहे. अलीकडची बाई गोळा घेऊन थांबली आहे, आणि पहिल्यांदाच मान वळवते. ती वनिता आहे.

मी डोळे उघडते. विंझणा पोटावर पडलेला आहे. जमीन गार, तळवे कोरडे, घरात कोणी नाही. ऊन ओसरीवरून खाली उतरायला लागलं आहे. भरतीला अजून अवकाश असेल.

घसा सुकला आहे. मी उठते, माठातून तांब्या भरते आणि उभ्यानेच घोट घेते.

खारं.

मी थुंकते. मला आधी तिची माठात बुडालेली बोटं आठवतात. केलंच तिने, असं मनात येतं. मग मी मागच्या दारी जाते, विहिरीतून पोहरा वर ओढते आणि ओंजळीने पिते. तेही खारं. थोडंसं, पण आहे. डाळ शिजली नव्हती ती याने. जेवणावर ताक प्यायले म्हणून पाण्याची चव कळली नाही. दुकानदाराला उगाच शिव्या दिल्या. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही हे खारेपाटातल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि माझा माझ्या विहिरीवर इतका विश्वास की शंकासुद्धा आली नाही. मी काही विकत घेतलं नाही, काही टाकलं नाही, आणि समुद्र जमिनीखालून माझ्या माठापर्यंत आला.

घशातलं खारं जात नाही. घरात गोड पाणी कुठेच नाही. मग मी ओसरीवर येते आणि वनिताची बाटली उचलते. तापलेली आहे, हातात घेताच कुरकुरते. झाकण फिरवून मी पिते. कोमट, प्लास्टिकच्या वासाचं, पण गोड. चांगुणाबाय कुठून तरी बघत असेल तर खुशाल बघो. ताटल्यांचं मी सोडलेलं नाही. ते उद्या कचेरीच्या वाटेवर मी वनिताला ऐकवणारच आहे.

मी कासोटा घालते, फार वर्षांनी, दोनदा सुटतो. अर्धी बाटली उरली आहे, तिला झाकण लावून बरोबर घेते. रांगेत कोणाला तहान लागेल. घराला कडी घालून मी बांधाची वाट धरते, आणि जिभेवरचं खारं अजून तसंच आहे.