गोग्रास आणि ग्राउंडहॉग

बाबांना अमेरिकेत येऊन पाच आठवडे झाले आणि त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून मिळेल का, असं विचारायला सुरुवात केली. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते आणि त्यांना दिवाळीपर्यंत ठेवून घ्यायचंच, असा मी चंग बांधला होता. पण स्टेट कॉलेज नावाच्या आमच्या या गावात दिवसभर करायचं काय? मी ऑफिसात, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि इंग्रजी बोलायचा त्यांना संकोच. म्हणून मागच्या अंगणात मी त्यांना वाफे करून दिले. लावा मेथी, लावा वाल, पण राहा!

मेथी वीतभर झाली आणि एका सकाळी भुईसपाट. ग्राउंडहॉग! म्हणजे घुशीचा खात्यापित्या घरचा थोरला भाऊ. आमच्या शेडखाली बिळात राहायचा, दोन पायांवर बसून खायचा आणि खाताना माझ्याकडे बघायचा. त्या बघण्याचा मला भयंकर राग यायचा. बाबा चिडले नाहीत, नुसतं म्हणाले, तिकिटाचं बघितलंस का.

मारायचा प्रश्नच नव्हता, आणि पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडायला इथे परवानगी लागते म्हणे. मग मी लसूण-मिरची वाटून पाण्यात कालवली आणि वालावर फवारली. त्याने वालाचे शेंडे खाल्ले आणि वर कोथिंबीरही. मीठ कमी पडलं असेल, असं बाबांचं मत. वाऱ्यावर गरगरणारी चक्री लावली, तर तिच्याशेजारी तो ऊन खात बसला. शेवटी दोन शनिवार घाम गाळून मी तारेची जाळी ठोकली. फूटभर जमिनीत पुरली, खालची कड बाहेर वळवली, म्हणजे खणत आला की जाळीच लागावी. वाल वाचला, माझी कंबर कामातून गेली.

तरी हा पठ्ठ्या जाळीबाहेर रोज हजर! एका शुक्रवारी मी घरून काम करत होते, तेव्हा खिडकीतून कारण दिसलं. बाबांनी तूप-गूळ लावलेली पोळी जाळीबाहेर ठेवली, हात जोडले आणि मग आत येऊन स्वतःचं ताट वाढून घेतलं.

“बाबा, मी महिनाभर याला हाकलतेय आणि तुम्ही त्याला जेवू घालताय?”

“अगं, गाय कुठून आणू इथे? पहिली पोळी तर काढायला हवी. तुझी आई काढायची.”

तरी मी पोळी बंद करायला लावलीच. चार दिवसांत ग्राउंडहॉगने बिऱ्हाड हलवलं, ते थेट शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या डेकखाली, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याखाली. वाल नुसता लगडला. बाबांनी शेंगा तोडून आणल्या, सोलल्या आणि पुन्हा तिकिटाचं विचारलं. मी बाथरूममध्ये तोंड धुवायच्या निमित्ताने रडून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी दुपारीच घरी आले तर बाबा घरात नाहीत. धावत बाहेर गेले. शेजारच्या डेकवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये पोळ्यांचा डबा. शेजाऱ्यांनी पोळीला हात घातला, तशी बाबांनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. “नो, नो. फर्स्ट काऊ,” असं त्यांना दटावून बाबांनी पहिली पोळी खाली ग्राउंडहॉगपुढे टाकली. शेजारी निमूटपणे थांबले.

संध्याकाळी तिकिटाचा विषय मीच काढला.

“राहू दे ते,” बाबा म्हणाले. “त्यांची बायको गेल्या वर्षी गेली. दुपारी एकटाच जेवतो गं माणूस.”

माझ्या घरात साडेतीन महिने बाबाही दुपारी एकटेच जेवत होते. मी मात्र जाळी ठोकत बसले होते.