माझ्या अन्ननलिकेतले राखणदार

“मावशी, अन्ननलिकेचा कॅन्सर आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घशातून दुर्बीण घालून, म्हणजे एंडोस्कोपी करून, तुकडा काढला होता. त्याचा रिपोर्ट आला होता.

“घास किती दिवसांपासून अडकतो?” त्यांनी विचारलं.

मी खाली पाहत सांगितलं, “धान कापणीपासून.”

“मंग मले काहून नाही सांगितलं?” माझे मालक ओरडले. “एकाच घरात रायतो ना आपण!”

आमच्याकडे बाया सगळ्यांचं झाल्यावर जेवतात. भात अडकू लागला तशी मी नुसती पेज पिऊ लागले. कुणाला दिसलंच नाही. मलाही तेच बरं वाटलं. तिथंच चुकलं.

मी चौथी शिकलेली, तरी बाईंनी मला नीट समजावलं. आपल्या पेशींवर जन्मापासून राखणदार असतात. त्यांना टोल-लाइक रिसेप्टर म्हणतात. जंतू ओळखून ते हाक मारतात. पण रोज तंबाखूचा गुडाखू दातांना घासला, उकळता चहा ओतला, की आतली कातडी दुखावत राहते आणि हे ओरडतच राहतात. सूज उतरत नाही. त्या सुजेवर कॅन्सर पोसतो, असं शास्त्रज्ञांना वाटतं. यातले काही कॅन्सरला पकडूनही देतात. अभ्यास अजून चालू आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे धानातला जागल्या डुक्कर नसतानाही ओरडत रायला, त गावालेच त्रास.”

बाई हसल्या. “मावशी, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगीन!” मला लाज वाटली, पण आनंद मावेना.

केमो आणि रेडिएशन, म्हणजे औषधाची सलाईन आणि किरणांचा सेक, पाच आठवडे चाललं. गाठ आक्रसली तरच ऑपरेशन होणार होतं. दुसरी एंडोस्कोपी झाल्यावर मी बाहेर बाकावर वाट पाहत बसले.

बाई बाहेर आल्या. “मावशी, गाठ पार लहान झाली!”

संध्याकाळी मऊ भात खाल्ला. घास खाली उतरला! मी दुसरा घेतला, तिसरा घेतला.

“हळू खाय वो,” मालक म्हणाले, “कोनी हिसकून नाही नेत!” आणि डोळे पुसू लागले.

बायांनो, घास अडला तर त्याच दिवशी घरात सांगा. लाजू नका.

ऑपरेशन सोमवारी आहे. बाईंना विचारायला मी पाच प्रश्न लिहून ठेवले आहेत. आजारी नळी कापल्यावर तिथले राखणदार कुठं जातात, हा पहिला.