स्वच्छ रक्ताची गाय

प्रभादेवीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी गाय घेऊन बसतात. येणारे-जाणारे त्यांच्याकडून चाऱ्याची पेंडी विकत घेतात, गाईला भरवतात आणि पाया पडून कामाला जातात. मीही त्यातलीच. फक्त मी अधूनमधून त्या गाईचं थोडं रक्तही नेते. अर्थात मावशींना विचारून, आणि गुरांच्या डॉक्टरांकडून काढून घेऊन.

मी परळला एका प्रयोगशाळेत काम करते. गोचीड चावली की गुरांच्या रक्तात एक परजीवी शिरतो. त्याच्या अंगावर प्रथिनांचं आवरण असतं आणि गाईचं शरीर त्यावरूनच त्याला ओळखून लढायला उठतं. त्यातलंच एक प्रथिन घेऊन आम्ही चाचणी बनवत होतो. प्लेटच्या खळग्यात रक्ताचं सीरम घालायचं. पिवळा रंग आला तर लागण झालेली. तुलनेला एक स्वच्छ रक्त लागतं, ते या गाईचं. फुटपाथवर वाढलेली, रानाचं तोंडही न पाहिलेली गाय. तिला गोचीड कुठून चावणार, असं आम्ही सगळे शहाणे धरून चाललो होतो.

एक दिवस तिचाच खळगा पिवळा झाला.

"पिपेटची टिप बदलायला विसरली असशील, आधीचं रक्त लागलं असेल," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "परत लाव."

परत लावली. परत पिवळा. चाचणी खोटी असेल तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, आणि खरी असेल तर गाय आजारी. चुकू दे बाबा चाचणी, असं मनात म्हणत मी चालतच निघाले. बसची वाट बघायचा धीर नव्हता.

मावशी गाईच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. पेंड्या तशाच पडून.

"सकाळपास्नं तोंड लावत नाय बघ. लोक म्हणतात, पोट भरलंय तिचं."

"मावशी, रात्री हिला बांधता त्या गोठ्यात नवीन जनावर आणलंय का?"

"पाडी आणली ना गावाहून. हिच्याच शेजारी बांधते. का गं?"

मी गाईच्या कानात बोटं घातली. कान तापला होता, आणि आत मटकीच्या दाण्याएवढ्या गोचिडी. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रक्त काढलं, इंजेक्शन दिलं. काचपट्टीवर तांबड्या पेशींत परजीवीचे जांभळे ठिपके दिसले. चाचणी खरी ठरली होती आणि मला रडू येत होतं.

"जगेल ना गं?" मावशी रोज विचारायच्या. "बघू," मी म्हणायचे. खोटं बोलवत नव्हतं.

मग एका सकाळी गाईने माझ्या हातातली पेंडी हुंगली, मान फिरवली, आणि पुन्हा वळून एक काडी ओढली. मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"आता परत नेशील ना हिचं रक्त?"

ते आता स्वच्छ म्हणून चालणार नव्हतं. पण तुलनेला आजारातून उठलेल्या गाईचंही आम्हाला लागतंच. "नेईन की," मी म्हटलं.

आता लोक तिच्या पाया पडत असतात, तेव्हा मी आधी तिचे कान चाचपते.