आंदणाची घागर

दिग्रसला बाजाराच्या मागच्या अंगाला, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंतीला लागून भंगाराचं एक दुकान आहे. बारा-तेरा वर्षं मी दर रविवारी सकाळी तिथे जात होतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. जुन्या वस्तूंचा शौक तसा पैसेवाल्यांचा. आपल्याला तो परवडणार नाही हे कळल्यावर मी भंगारात शोधायला शिकलो. लोखंडाच्या ढिगाखालून मी पितळेचा अडकित्ता काढला आहे. चिनी मातीच्या बरण्या, धान्य मापायचं शेराचं माप, किल्लीचं घड्याळ, असं बरंच काही मला मातीमोल भावात मिळालं. एकदा चिंध्यांच्या गाठोड्यात, तांड्यावरच्या कुण्या बाईनं कवड्या लावून शिवलेला बटवा सापडला. तो मी फ्रेम करून भिंतीवर लावला.

भाव पाडण्याची माझी एक रीत होती. आवडलेल्या वस्तूकडे पाहायचंच नाही. आधी दुसरंच काहीतरी उचलायचं, त्यावर घासाघीस करायची, ते ठेवून द्यायचं आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं करून खऱ्या वस्तूला हात घालायचा. दुकानदार चाचा सत्तरीचे होते. त्यांना माझी ही रीत पाठ होती, तरी ते हसून हार मानायचे.

त्या रविवारी दाराशीच पितळेच्या भांड्यांचा ढीग पडला होता. फेरीवाल्यानं आदल्या दिवशी आणून टाकलेला. त्यात एक घागर होती. काळी पडलेली, गळ्याशी हिरवा कळंक चढलेली, पण घडण जुनी, हाताच्या ठोक्याची. आता असं काम होत नाही. मी नेहमीप्रमाणे आधी एक कंदील उचलला, त्याच्या काचेवरून वाद घातला आणि मग पायानं घागर जरा लोटून म्हणालो, "हे काय, चेपलेली दिसते."

चाचा म्हणाले, "जराशी चेपली हाय गुरुजी. पन माल वजनदार हाय. उचलून तं पाहा."

"वजन घेऊन काय करू? शोभेची वस्तू चेपकी कोन ठेवते? पाहा, केवढा खड्डा हाय."

त्या खड्ड्यात मी अंगठा घालून दाखवला. अंगठा बरोबर बसला. चाचांनी मान हलवली, किलोचा भाव सांगितला, मी त्यातूनही उतरवला. अखेर ते म्हणाले, "न्या बापा. तुमच्याशी कोन बोलत बसन." घरी येईपर्यंत मी खूश होतो. अंगणात ठेवून फोटो काढला आणि आम्हा शौकिनांच्या ग्रुपवर टाकला. यवतमाळच्या एकानं लगेच लिहिलं, 'सर, लॉटरी लागली तुम्हाला.'

दुपारी जेवण झाल्यावर चिंच आणि राख घेऊन घासायला बसलो. हे काम मी कोणाला करू देत नसे. काळा थर सुटून आतून पिवळी झाक वर येते, ते पाहण्यातच मजा. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसू लागली. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात. माझ्या संग्रहात अशी नावांची सात-आठ भांडी होती, त्यामुळे नवल वाटलं नाही. मी पाण्याचा हात फिरवला आणि वाचलं. आधी नवरीचं माहेरचं नाव होतं, पुढे तिच्या मामाचं, आणि खाली गाव. नाव माझ्या मायचं होतं.

पहिल्यांदा मला वाटलं, एका नावाच्या दोघी असतील. मग मी तो खड्डा पाहिला. मी सात वर्षांचा असताना आमच्या गावी, बोरी अरबला, हापशीवर मायबरोबर गेलो होतो. मी उचलतो म्हणून हट्ट केला आणि भरलेली घागर माझ्या हातून हापशीच्या ओट्यावर आपटली. माय तेव्हा मला मारायच्या ऐवजी कितीतरी वेळ नुसती त्या खड्ड्यावरून हात फिरवत राहिली होती. सकाळी तोच खड्डा दाखवून मी भाव पाडला होता.

ही घागर भंगारात कशी आली, याचं उत्तर मला तिथे बसल्या बसल्याच कळलं, आणि कळू नये असं वाटत राहिलं. बाबा गेल्यावर माय बोरीच्या घरात एकटी होती. मी दिग्रसला, धाकटा भाऊ पुसदला. त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघांनी बसून ठरवलं की सहा महिने तिनं त्याच्याकडे राहायचं, सहा महिने माझ्याकडे, आणि बोरीच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. माय समोरच बसली होती. तिनं एवढंच म्हटलं होतं, "आठ दिवस द्या मले." आम्हाला वाटलं, शेजारपाजारच्या बायांना भेटून घ्यायचं असेल. आठ दिवसांनी भाऊ जाऊन तिला एका पिशवीसकट घेऊन आला. घर रिकामं होतं, असं त्यानं फोनवर सांगितलं. मी 'बरं झालं' म्हणालो. जगाच्या पितळेचा वास घेत फिरणाऱ्या मी, मायची भांडी कुठे गेली हे विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी पुसदची बस धरली. घागर गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवली होती. भावाच्या घरी माय मागच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. मी गोणपाट सोडलं. तिनं पाहिलं आणि पुन्हा लसूण हातात घेतला.

"कुठं भेटली?"

"दिग्रसले. भंगारात." मी म्हणालो, "माय, काहून विकली? मले सांगायचं ना. मी नेली असती."

"तुले कधी सांगू? तू आलताच कुठं त्या आठ दिवसांत?"

तीच पुढे बोलली. आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकणं जड गेलं.

"दोन सुनायच्या घरी सहा-सहा महिने राहाचं. तिथं आपली भांडी कोनाच्या फळीवर ठेवू? अन् मेल्यावर तुमी दोघं त्याच्यापायी भांडान. म्हनलं, आपल्या हातानंच रिकामं करावं. तो फेरीवाला दारात आलता. एकेक काढून देल्लं त्याले."

"सगळंच?"

"परात, हंडा, तुह्या बाबाची आंघोळीची बादली, आंदनाचं समदं. देतानी काही वाटलं नाई. गाडी वळली तवा वाटलं थोडंसं."

मी घागर तिच्यापुढे सरकवली. "ही ठेव तुह्यापाशी."

"नाई. विकलं ते विकलं," ती म्हणाली. मग विचारलं, "भाव कसा लावला रे भंगारवाल्यानं?"

मी खोटं सांगितलं, बराच वाढवून. तिनं माझ्याकडे पाहिलं. "इतका? मले तं फेरीवाल्यानं लय कमी देल्ला." आणि ती पुन्हा लसणाकडे वळली. तिला बरं वाटावं म्हणून मी भाव वाढवला होता. फसवल्या गेल्याचं दुःख तेवढं तिच्या पदरात पडलं.

घागर घेऊन परतल्यावर मी तसाच चाचांकडे गेलो. बाकीचा ढीग दाराशी नव्हता. "कालच गाडी भरली गुरुजी. नागपूरले गेली. आतालोक वितळलं असन," ते म्हणाले. काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "इथं जे येते ते कोनाच्या तरी घरातूनच येते ना." मला ते माहीत नव्हतं असं नाही.

दिवाळीनंतर मायची माझ्याकडची पाळी आली. बैठकीत माझं काचेचं कपाट होतं आणि त्याच्या समोरच तिची खाट टाकली होती. पहिल्याच दुपारी ती कपाटापाशी उभी राहून भांड्यांवरची नावं वाचत होती. तिला सावकाश वाचता येतं.

"हे कोन व्हय?" तिनं एका तांब्यावर बोट ठेवून विचारलं.

"माहीत नाही, माय."

"अन् हे?"

"तेही नाही माहीत."

"जित्या हायत का या बाया?"

त्यानंतर ती खाटेवर बसायची ती भिंतीकडे तोंड करून. बायकोच्या लक्षात आलं. आठवडाभरानं मी भांडी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. मायची घागरही त्यातच गेली. विकावीत तर वितळणार, आणि कपाटात ठेवायची माझी हिंमत नव्हती. ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला होता, तरी तिथे अधूनमधून कोणी विचारायचं, "सर, नवीन काही?" मी उत्तर देणं सोडलं. रविवारी सकाळी काय करावं ते कळेनासं झालं.

माय सहा महिने पाहुण्यासारखी राहिली. मागून काही घेतलं नाही, कशाला नाव ठेवलं नाही. चहाचा कप स्वतः विसळून पालथा घालायची. जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "माय, इथंच राह्य ना. त्याले मी सांगतो."

"त्याची बारी हाय," ती म्हणाली.

"बारी कायची त्याच्यात?"

"तुमीच लावली ना बापा."

मी पुन्हा म्हणायला हवं होतं. एखादी माय दुसऱ्यांदा म्हटल्यावर थांबते. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

सकाळी तिला पुसदच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ती समोर पाहत बसली होती. बस निघताना मी हात केला. तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही. घरी आलो तेव्हा बायकोनं खाट उभी करून ठेवली होती आणि बैठक एकदम मोठी दिसत होती. मी खुर्ची खिडकीपाशी ओढून बसलो. मला हायसं वाटलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.