देवीचा तरंग आणि माझं दाट रक्त

माझ्या अंगात देवी येते की रोग, हा प्रश्न मला चाळिशीत पडला, आणि तो पडल्याचाच मला भारी राग आला. मालवणजवळच्या आमच्या गावात देवीचा तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेला तिचा उंच खांब, धरण्याचा मान आमच्या घराकडे. ढोल वाजू लागला की माझा चेहरा लालबुंद व्हायचा, डोकं घणघणायचं, हातापायांच्या बोटांची आग व्हायची. त्याआधी ऊन पाण्याने अंघोळ केली की अंगभर खाज सुटायची. लोक म्हणत, माउलीचा इतका कडक संचार दुसऱ्या कुणाच्या अंगात नाही. मी ऐकून फुगायचो. हीच आग आणि हीच खाज मला एरवी घरच्या न्हाणीतही छळते, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

साठ-बासष्ट सालची ही गोष्ट. माडाला पाणी घालताना एकाएकी माझा उजवा हात लुळा पडला, तोंडातून शब्द फुटेना. घटकाभराने सगळं ठीक झालं, पण बायको काही ऐकेना. तिने मला वेंगुर्ल्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझं रक्त काचेच्या बारीक नळीत घालून यंत्रात फिरवलं, आपल्या कंपाउंडरचंही फिरवलं, आणि दोन्ही नळ्या माझ्यासमोर धरल्या. कंपाउंडरच्या नळीत तांबडं खाली बसून वर निम्मी नळी पिवळसर पाणी होतं. माझ्या नळीत जवळजवळ सगळं तांबडंच.

"असायला हवं कोकमाचं पातळ सार, आणि झालंय दाट आगळ," डॉक्टर म्हणाले. "असलं दाट रक्त मेंदूत अडकतं. पुढच्या खेपेला हात परत हलेलच असं नाही." उपाय म्हणजे रक्त काढायचं, आणि पुढेही काढत राहायचं. परदेशात रक्तातला नको तेवढाच भाग वेगळा करून बाकीचं रोग्याला परत देण्याचे प्रयत्न चालले आहेत, पण आपल्याकडे सुई आणि बाटलीच, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मी विचारलं, "आणि अंगात येणारी देवी?"

"तिच्याबद्दल माझ्याकडे पुरावा नाही. याच्याबद्दल आहे," असं म्हणून त्यांनी नळी दाखवली.

मी तणतणत घरी आलो. रक्ताबरोबर देवीही गेली तर मी कोण उरणार, ही खरी भीती होती. बायकोने शांतपणे विचारलं, "तुमी मेल्यार तरंग कोण धरतलो?" मी जायला तयार झालो.

डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलं होतं. देवीच्या वारी रक्त सांडणार नाही, म्हणून मी हटून बुधवारी गेलो. बाकावर एक म्हातारे ख्रिस्ती मास्तर बसले होते, माझ्याइतकेच लालबुंद. त्यांचीही पाळी मंगळवारची, पण गाडी चुकली होती. हा आजार इतका विरळा की डॉक्टरांकडे त्याचे आम्ही दोघेच. माझी धास्ती ऐकून मास्तर हसले. "चार वर्सां माजा रगात काडतत. आयतवारी इगर्जीत वायच दमान जातंय, पण जातंय. देव काय रगतात ऱ्हवता रे झिला?" मी बाही वर केली. मंगळवारी गेलो असतो तर मास्तर भेटले नसते आणि मी बाटली बघूनच परत फिरलो असतो, एवढं मला ठाऊक आहे.

पाच-सहा खेपांत डोकं हलकं झालं, बोटांची आग थांबली. मग दसरा आला. ढोल वाजला, मी तरंग धरला आणि वाट पाहत राहिलो. काहीच होईना. सारा गाव बघत होता. थोडं थरथरून दाखवणं काही अवघड नव्हतं. इतक्या वर्षांची सवय होती. पण देवीचा खांब हातात धरून लबाडी करायला मन धजेना. मी मोठ्याने म्हणालो, "माका आज काय एक जाणवणा नाय."

ढोल थांबला. एक मानकरी म्हणाले, मग तरंग दुसऱ्याकडे द्या. मी खांब घट्ट धरून ठेवला. तेवढ्यात गुरव कौल लावायला गाभाऱ्यात गेला. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. त्याने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "गे माउली, ह्या तुझ्या लेकरान आज खोटा बोलूक नाय. तरंग तेच्याच हातात ऱ्हवाचो आसात तर उजवो कौल दी."

"व्हय महाराजा!" गाव म्हणाला.

मी डोळे मिटले. डावा कौल आला तरी तो तिचाच, असं मनात आलं आणि भीती कुठल्या कुठे गेली. पाकळी पडली, उजवीकडची.

त्या दिवशी मी सोनं लुटायच्या जागेपर्यंत तरंग घेऊन गेलो, शुद्धीवर, पाय न अडखळता. वाटेतल्या पोरीबाळींचे चेहरे, आपट्याची पानं, खांबाचं वजन, सगळं मला पहिल्यांदाच दिसलं, कळलं. त्यानंतर देवी माझ्या अंगात कधीच आली नाही. मी तिला बोलावतही नाही. ती अंगात येते याचा मला गर्व होता. न येताही तिने मला आपल्याजवळ उभं राहू दिलं, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.