सकाळच्या बातम्यांतील बासरी

सहा वर्षे दुपारचे हवामान वाचल्यावर तिला सकाळी सहाचे बातमीपत्र मिळाले, आणि त्याच आठवड्यात दिवस गेल्याचेही कळले. दोन्ही वार्तांनी ती हरखली. अडचण एवढीच की उलटीनेही नेमका सहाचाच मुहूर्त धरला. मळमळीचा सुगावा लागला तर बातमीपत्र हातचे जाणार, या धास्तीने तिने नभोवाणी केंद्रात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. अपवाद काचेपलीकडच्या तंत्रज्ञाचा, कारण पहिली ओकारी, प्रक्षेपणाआधी आवाज तपासताना, थेट त्याच्याच कानांत उमटली होती.

"ताई, हे काय होतं?"

"परराष्ट्र धोरण," एवढे बोलून ती कचऱ्याच्या बादलीवर वाकली.

तीन लेकरांच्या त्या बापाने तोडगा काढला. तिने डावा हात वर करताच तो तिचा ध्वनिक्षेपक बंद करून बासरी लावी. हात खाली आला की बातम्या पुढे सुरू. दरम्यान ती टेबलाखालच्या बादलीशी हितगुज करी, लिंबू हुंगी, कोरड्या बिस्किटाचा कोपरा चघळी आणि त्याच भारदस्त आवाजात धरणांच्या पाणीसाठ्यावर परते.

घरी सासूबाई रेडिओसमोर बसून बासऱ्या मोजत. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

"आज चार झाल्या. रात्री उपाशी झोपलीस ना? रिकाम्या पोटी जास्तच ढवळतं. उशाशी बिस्किटं ठेव, डोळे उघडायच्या आत एक तोंडात टाकायचं."

"आई, झोपेत कसं खाणार?"

"माझ्या लेकाला विचार. त्याला उत्तम जमतं."

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. अर्थमंत्र्यांच्या राजीनाम्याची बातमी वाचताना कपाळावर आलेली बट मागे सारायला तिचा डावा हात उठला, आणि बासरी सुरू झाली. तिने चकित होऊन काचेकडे पाहिले. तंत्रज्ञ जिवाच्या आकांताने बादलीकडे बोट दाखवत होता. तिने 'नाही, नाही' म्हणून हात हलवला. प्रकरण हाताबाहेर गेले असे समजून त्याने बासरी आणखी मोठी केली. मग मात्र तिला हसू आवरेना. हसता हसता हात खाली आला, ध्वनिक्षेपक उघडला, आणि अर्थमंत्र्यांनी "पदाचा... पदाचा..." करत, खुदुखुदु हसत राजीनामा दिल्याचे घरोघर ऐकू गेले.

सात वाजता केंद्रप्रमुखांनी बोलावले. तिने सारे सांगून टाकले.

"मग पुन्हा दुपारचं हवामान घ्या. तेवढाच आराम."

"साहेब, दुपारी मी ठणठणीत असते. आणि दुपारी ऐकतंय कोण?"

"सकाळी मात्र ऐकतात. पाच फोन आलेत." त्यांनी कागद वाचला. "एक न्यायाधीश, एक दंतवैद्य, एक नौदल अधिकारी, दोन गृहिणी. पाचांचंही म्हणणं, बाई बदलू नका. पाचांचा आवाज एकच. आणि पाचांनीही मला 'आधी नीट उभा राहा, मग बोल' म्हणून दरडावलं."

तिने डोळे मिटून घेतले. "माझ्या सासूबाई."

"मी उभा राहिलो हो," ते ओशाळून म्हणाले. "पाचही वेळा." मग त्यांनी घसा खाकरला. "उद्याचा एक दिवस देतो. बासरी चालेल. हसलात, तर दुपार."

दुसऱ्या दिवशी साहेब जातीने तंत्रज्ञाच्या शेजारी बसले. तीन वेळा बासरी वाजली. तिसऱ्या खेपेस साहेबांचाच चेहरा इतका फिका पडला, की तंत्रज्ञाने मुकाट्याने त्यांच्यापुढेही एक रिकामा डबा सरकवला. तिने ते पाहिले. गाल आतून चावत, नजर कागदावर खिळवून तिने पीकविम्याची बातमी अशा करुण गांभीर्याने वाचली, की ऐकणाऱ्याला गहिवरून यावे. बातमीपत्र निर्विघ्न संपले.

साहेबांनी खिशातले पेन काढून महिन्याच्या कामवाटपाच्या तक्त्यावर सहाच्या रकान्यात, पहिल्या तारखेपासून शेवटच्यापर्यंत, तिचे नाव लिहिले. आभार मानायला ती बाहेर आली, तोंड उघडले, तळहाताने घाईघाईने झाकले आणि त्यांना वळसा घालून स्वच्छतागृहाकडे धावत सुटली.

"राहू द्या, राहू द्या," साहेब मागून ओरडले, "पोचले!"