न वाचलेल्या कागदाची साक्ष

गौरवग्रंथाच्या मंडळींनो, सगळे बरे आहात ना? छपाई पाहणाऱ्या गुरुजींचे डोळे कसे आहेत? आणि ज्यांना पंच्याहत्तरावं लागलं, त्या ॲड. सुमनबाई रामटेके यांचा गुडघा? बाई ‘ठीक आहे’ म्हणतात, पण त्यांच्या या एका बोलण्यावर माझा विश्वास नाही.

बाईंची माझी पहिली ओळख चंद्रपूरच्या कोर्टात झाली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. मूल गावच्या एका राईस मिलमध्ये मी मुकादम होतो. चार अक्षरं स्वतःच शिकलो, याचा मला कोण गर्व! तिथं धान टाकताना मजूर मीराबाईंचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला. सुमनबाईंनी त्यांच्यातर्फे भरपाईचा दावा लावला, तर मालकांनी कागद पुढे केला : ‘अपघात झाल्यास मालकावर दावा करण्याचा हक्क मी सोडत आहे.’ खाली मीराबाईंचा अंगठा, जो हात गेला त्याच हाताचा. शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही. कागद टिकला असता तर मीराबाईंच्या पदरात काहीच पडलं नसतं.

“मुकादमभाऊ, हा कागद मीराबाईले वाचून दाखवला होता?” बाईंनी विचारलं.

“नाई.”

“काऊन?”

“कामाची घाई होती. हजेरीचा कागद आहे म्हटलं, लाव अंगठा.”

“तुम्ही तरी वाचला होता?”

मालक समोरच बसले होते.

“नाई, बाई. मीबी नाई वाचला.”

बाई कोर्टाला म्हणाल्या, आपला हक्क आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं तो सोडला कसा म्हणायचा? शिवाय कामगाराचा हा हक्क कागदावर लिहून घेऊन काढता येत नाही, असं कायदाच सांगतो. निकाल मीराबाईंच्या बाजूनं लागला. माझी मुकादमकी गेली.

आठवड्यानं बाईंचा निरोप आला. वाटलं, आता जखमेवर मीठ. बाईंनी चहा पुढे ठेवला अन् म्हणाल्या, “वाचता येते न? मग आता वाचून दाखवत जा.”

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसतो. बाईंची रीत पक्की आहे : कागद मोठ्यानं वाचायचा, ज्याचा असेल त्याच्या तोंडून परत ऐकायचा, मगच अंगठा. एकदा एक आजोबा वैतागले, “बाई, आत्ताच तं तुमी सांगतलं! इसरल्या का?”

“हो, इसरली. सांगा बरं,” बाई हसून म्हणाल्या.

परवा हा लेख मीराबाईंना वाचून दाखवला. त्यांनी सगळा परत सांगितला आणि माझ्या सहीशेजारी डावा अंगठा लावला.

सुमनबाई, ठणठणीत राहून शंभरी गाठायचा हक्क तुमचा आहे. तो सोडल्याचा कुठलाच कागद आम्ही मानणार नाही. गुडघ्याचं खरं काय ते लवकर लिहून कळवा. ‘ठीक आहे’ चालणार नाही.